ओढ्याची पातळी

२९ जून २०२२, बुधवार

फरशीवर पाणी ४ इंच. सकाळी साडेसात.

शाळेच्या कुंपणाच्या खांबावर ह्यांनी मागच्या पावसाळ्यात ऑईलपेंटनं खुणा केल्या. पांढऱ्या इंचाच्या. तांबडी एकच, नऊवर. पाणी तांबडीच्या वर गेलं की पोरांना ओढ्यातून पलीकडे सोडायचं नाही. मग हमरस्त्यानं वळसा. दोन किलोमीटर, ट्रकांच्या कडेनं.

जुनी दगडी मोरी गेल्या जुलैत अर्धी खचली. तेव्हापासून ही फरशीच.

दिवसभर टीव्ही चालू. रात्री मुख्यमंत्र्यांचा राजीनामा. हे म्हणाले, "झोपा आता, आपल्याला काय करायचंय." मला झोप नाही. मोरीची फाईल आत्ता कुठल्या टेबलावर असेल?

३० जून

५ इंच.

नगरपालिकेत जाऊन आले. लेखापाल म्हणून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, अजून खुर्ची पुढे करतात. फाईल दाखवली. मार्चमधली मंजुरी, 'वैशिष्ट्यपूर्ण कामे' या लेखाशीर्षाखाली. तांत्रिक मान्यता आहे. निविदा उघडली आहे. दर ठरला आहे. ठेकेदाराची अनामत भरली आहे. वर्क ऑर्डर टाईप करून लावलेली. तारखेची जागा मोकळी. सहीची जागा मोकळी.

"सही का राहिली?"

"मॅडम, वरचं काय होतंय ते बघू म्हणाले साहेब."

त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. सरकार जाणार हे दिसू लागल्यावर मंत्रालयातून धडाधड शासन निर्णय निघाले. २२ ते २४ जूनच्या निर्णयांचा तपशील राज्यपालांनी मागवला. अशा दिवसांत कारकुनाचं पेन जड होतं. मी त्या खुर्चीवर बसलेय.

संध्याकाळी शपथविधी. रात्री लेकीचा मुंबईहून फोन. "आई, पहिल्याच बैठकीत मेट्रोची कारशेड परत आरेत."

१ जुलै

५ इंच. पाऊस नाही, वरच्या अंगाला असावा.

मावळत्या मुख्यमंत्र्यांनी आज हात जोडून सांगितलं, माझ्यावरचा राग मुंबईवर काढू नका. ऐकताना गलबललं. मग आठवलं, २०१९ साली शपथ घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनीही आधी आरेच थांबवलं होतं.

३ जुलै, रविवार

लेक आरेत जाऊन आली. फलक धरून उभी होती म्हणाली.

ती मरोळला राहते. मेट्रो तीनसाठी तिच्या दारातला रस्ता किती वर्षं पत्र्याआड आहे. रोज अंधेरीहून दादर, लोकलच्या दारात लटकत. ऑक्टोबर २०१९ ची ती रात्रही तिनं पाहिली. उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या, अंधार पडताच करवती सुरू झाल्या. सर्वोच्च न्यायालयानं थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं पडली होती.

"तुला नक्की काय हवंय?" मी विचारलं.

"झाडंही हवीत आणि गाडीही. आई, दोन्ही मागणाऱ्याला आता कुठल्याच बाजूला जागा नाही."

हे लिहून ठेवते.

४ जुलै

बहुमत सिद्ध. १६४ विरुद्ध ९९.

६ इंच.

५ जुलै

पाच वर्षांपूर्वी याच तारखेला मुंबई महापालिकेला जीएसटीच्या भरपाईचा पहिला धनादेश मिळाला. ६४७ कोटींचा. जकात बंद झाली, तिच्या बदल्यातले पैसे. कायद्यानंच द्यायचे होते, दर महिन्याला, पाच तारखेपर्यंत. तरी समारंभ झाला. तेव्हाचे दोन सत्ताधारी पक्ष राज्यात एकत्र, महापालिकेत एकमेकांसमोर. धनादेश हातात आणि दोन्हीकडून घोषणा.

तेव्हा मला घरी बसून वर्षच झालं होतं. टीव्हीवर पाहून वाईट वाटलं. आमच्या नगरपालिकांची जकात १९९९ ला गेली. तेव्हापासून सहायक अनुदानावर पगार. अनुदान उशिरा आलं की सफाई कामगार माझ्या टेबलासमोर उभे राहायचे. त्यांना मी काय सांगायची? तुमच्याच गावच्या जकातीचे पैसे आहेत, मुंबईहून फिरून येतायत.

कोणी आपल्या खिशातून देत नाही. हे एवढं साधं आहे.

६ जुलै

८ इंच. नातीला कडेवर घेऊन ह्यांनी पलीकडे सोडलं. तिसरीतली पोर, तिला लाज वाटली.

जिल्हा नियोजनच्या कामांनाही थांबा. नवे पालकमंत्री येईपर्यंत. अजून मंत्रीच दोन आहेत.

८ जुलै

निवडणूक आयोगानं ९२ नगरपरिषदांच्या निवडणुका जाहीर केल्या. १८ ऑगस्टला मतदान. यादीत आम्ही आहोत. डिसेंबरपासून प्रशासक. मुख्याधिकारीच प्रशासक, मुख्याधिकारीच सभागृह. स्वतःच ठराव मांडायचा, स्वतःच मंजूर करायचा.

दुपारपर्यंत गल्लीत तीन फलक. आषाढीच्या शुभेच्छा.

१० जुलै, आषाढी

११ इंच. रविवार म्हणून निभावलं.

पंढरपुरात नव्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते महापूजा. उपवासाची खिचडी. संध्याकाळी पलीकडच्या वस्तीतल्या वारकरी आजींना दर्शनाला यायचं होतं, आल्या नाहीत. पाण्यापलीकडून हात जोडले. मीही जोडले.

१२ जुलै

१ फूट २ इंच. राज्यभर झोडपतोय.

शाळेत ४१ पोरं कमी. बाईंनी हजेरी दाखवली. ओढ्याच्या अलीकडच्या पोरांच्या नावांपुढे सलग फुल्या.

१३ जुलै

१ फूट. वळशानं सोडलं. रस्त्याला साईडपट्टी नाही. ट्रक गेला की नात माझ्या पदराला धरते. नंतर पदर पाहिला तर चिखलाची पाच बोटं उमटलेली. धुवायला टाकवला नाही.

१४ जुलै

मंत्रिमंडळाची बैठक. पेट्रोल ५ रुपयांनी उतरलं, डिझेल ३. अमृत २.० राज्यात राबवायला मान्यता. नगराध्यक्ष पुन्हा थेट लोकांतून.

२०१६ ला थेट केले. पुढच्या सरकारनं नगरसेवकांतून केले. आता परत थेट. गावाचा अध्यक्ष कसा निवडायचा हेही मुंबईत कोण बसलंय त्यावर.

आणि त्याच दिवशी निवडणुकाही लांबणीवर. ओबीसी आरक्षणाचा निकाल यायचाय. आरक्षण मिळायलाच हवं. पण तोवर गावाला विचारणारं कोणी नाही.

१५ जुलै

अमृतचं गणित शेजारच्या काकूंना समजावून सांगितलं. एक लाखाच्या आतल्या गावात पाण्याच्या कामाला केंद्र निम्मे देतं. एक ते दहा लाखांपर्यंत तिसरा हिस्सा. दहा लाखांवर चौथा. उरलेले राज्य आणि गाव. पैसे एकदम येत नाहीत, २०, ४०, ४० टक्के अशा तीन हप्त्यांत. पहिला खर्च दाखवल्याशिवाय दुसरा नाही.

काकू म्हणाल्या, "म्हणजे एकाच नळाला तीन मालक?"

"तीन पैसे देणारे. मालक तुम्ही."

हसल्या. खरं वाटलं नाही त्यांना.

१८ जुलै

९ इंच, बरोबर तांबडीवर.

आजपासून सरकारी बांधकामांच्या ठेक्यावर जीएसटी १२ वरून १८ टक्के. मोरीचं मूळ अंदाजपत्रक २४ लाख ६० हजार. बारानं कर २,९५,२००. अठरानं ४,४२,८००. फरक १,४७,६००.

वेळेत सही झाली असती तर निदान दोन बिलं जुन्या दरानं निघाली असती. हा फरक कुठून आणायचा, फाईलवर लिहिणार कोण?

१९ जुलै

वरून पत्र आलं. वर्क ऑर्डर न दिलेली कामं आहे त्या स्थितीत थांबवावीत.

फाईलवर शेरा मारलाय. 'स्थगिती.' निळ्या शाईत. अक्षर माझ्याच हाताखाली शिकलेल्या पोराचं. 'स्थ' छान काढतो, मीच घोटून घेतला होता.

२२ जुलै

दोन दिवस पेपरांत एकच आकडा. नगरविकासची ९४१ कोटींची कामं थांबवली. त्यात २४५ कोटी एकट्या बारामती नगरपरिषदेचे. हे वाचून दोन प्रश्न पडतात. दोन्ही खरे आहेत. एक, राज्यात इतक्या नगरपरिषदा असताना एका गावाला २४५ कोटी कसे? दोन, बाकीच्या जवळपास ७०० कोटींतल्या मोऱ्यांनी काय केलं होतं?

हे सगळं मंजूर झालं तेव्हा नगरविकास खातं ज्यांच्याकडे होतं, तेच आता मुख्यमंत्री आहेत.

त्याच पानावर दुसरी बातमी. आरे कारशेडवरची स्थगिती उठवली.

एका पानावर एकच शब्द दोनदा. वर उठवलाय, खाली लावलाय.

२२ जुलै

रात्री झोप आली नाही. जुन्या रोजनिशा काढल्या. २०१९ चा डिसेंबर सापडला. मी लिहिलंय, 'आधीच्या सरकारची ग्रामविकासची कामं थांबवली. वर्क ऑर्डर नसलेली.' शब्दसुद्धा तेच.

तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं. ते काम दुसऱ्या गावचं होतं. आज लाज वाटली.

२४ जुलै

लेकीशी तासभर बोलले. कांजूरमार्गचं तिनं सांगितलं. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्यानं कारशेड तिकडे नेली. जागा राज्याची म्हणून कलेक्टरनं दिली. केंद्र म्हणालं, मिठागराची जमीन आहे, आमची. डिसेंबरात उच्च न्यायालयाची स्थगिती. दीड वर्ष तिथं एक खांब उभा राहिला नाही.

"आई, ती मेट्रो कंपनी निम्मी केंद्राची, निम्मी राज्याची आहे. आणि दोघं जमिनीवरून कोर्टात."

जपानचं कर्ज आहे त्यावर. कर्ज कोण फेडणार? जी दारात लटकते ती.

२६ जुलै

६ इंच. कोणी काही बोललं नाही.

२ ऑगस्ट, नागपंचमी

सकाळी एका बाजूचे माजी नगरसेवक आले. बसले. लाह्या-गूळ दिला. म्हणाले, "वहिनी, तुमच्या गल्लीनं एकदा आमच्या व्यासपीठावर यायचं. महिन्यात स्थगिती उठवून आणतो. तिकडे आपले संबंध आहेत."

संध्याकाळी दुसऱ्या बाजूचे. "काकू, पुढच्या सोमवारी रास्ता रोको. तुम्ही पुढे बसा. पेपरवाले येतील. पोरांना गणवेशात आणा."

दोघांनाही एकच विचारलं. "एस्टिमेट वाचलंय का?"

सकाळचे म्हणाले, वाचायचं काय त्यात. संध्याकाळचे म्हणाले, मोबाईलवर पाठवा.

मोरीला तीन गाळे धरलेत. प्रत्येकी दोन मीटर. दोघांनाही माहीत नाही.

मी कुठंच जाणार नाही. पोरं तर मुळीच नाहीत.

३ ऑगस्ट

महापालिकांची प्रभागरचना पुन्हा २०१७ सारखी. मुंबईचे २३६ झालेले, परत २२७. मुंबईत मार्चपासून नगरसेवक नाहीत. तिथंही प्रशासक.

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. मी नोकरीत तेव्हा नवी होते. मुख्याधिकाऱ्यांनी सगळ्या स्टाफला बसवून वाचून दाखवली होती. मुदत पाच वर्षं, संपण्याआधी निवडणूक. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. खरंच वाजवल्या होत्या.

५ ऑगस्ट

ह्यांचं नि माझं वाजलं. हे ३१ वर्षं एसटी चालवायचे. म्हणाले, "जा त्या सकाळच्याकडे. हात जोडून मोरी मिळत असेल तर जोडावेत. पोरं वळशानं जातायत."

मी म्हणाले, "आज मोरीसाठी जोडले, उद्या नळासाठी जोडावे लागतील."

"आणि उद्या ट्रकखाली एखादं गेलं तर?"

उत्तर देता आलं नाही. अजूनही देता येत नाही.

९ ऑगस्ट

मंत्रिमंडळाचा विस्तार. १८ मंत्री. पालकमंत्री नाहीत.

३ इंच.

१० ऑगस्ट

मेट्रो तीनच्या वाढीव खर्चाला मंजुरी. २३,१३६ कोटी होते. आता ३३,४०५ कोटी. दहा हजार कोटींच्या वर वाढ.

सगळी वाढ भांडणाची नाही. भुयारात अडचणी येतात, भाव वाढतात, करोनाची दोन वर्षं गेली. जे भांडणाचं आहे तेवढं वेगळं काढून कोणी दाखवत नाही. मी लेखापाल असते तर एक स्वतंत्र रकाना आखला असता. 'विलंबामुळे.' त्याच्या शेजारी दुसरा, 'कोणाच्या सहीनं.'

आमचे १,४७,६०० मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत.

१२ ऑगस्ट

ठेकेदार भेटला बाजारात. स्टीलचे भाव, खडीचे भाव, सगळं सांगितलं. "मॅडम, जुन्या दरात मी करणार नाही. अनामत तेवढी सोडवून द्या."

त्याचंही खरं आहे. मग फेरनिविदा. म्हणजे दिवाळी. म्हणजे नवीन दरसूची.

१५ ऑगस्ट

स्वातंत्र्याची ७५ वर्षं. घरोघरी तिरंगा. आम्हीही लावला, ह्यांनी काठी छान तासली.

शाळेत झेंडावंदन. पाणी दोनच इंच, सगळी पोरं आली. पांढरे मोजे काढून हातात धरले, फरशी ओलांडली, पलीकडे बसून पुन्हा घातले. एका ओळीत बसून ओले पाय पुसत होती. कोणीही त्यांना शिकवलं नव्हतं.

पाहुणे भाषणात विकास म्हणाले. किती वेळा ते मोजलं नाही. मी मोज्यांकडे बघत होते.

२२ ऑगस्ट

सर्वोच्च न्यायालय. निवडणुकांबाबत पाच आठवडे जैसे थे.

२४ ऑगस्ट

विधान भवनाच्या पायऱ्यांवर आमदार एकमेकांच्या अंगावर गेले. टीव्हीवर पुन्हा पुन्हा तेच. नातीनं विचारलं, "हे भांडतायत का?"

टीव्ही बंद केला.

रात्रभर पाऊस.

२५ ऑगस्ट

१० इंच.

शेजारच्या काकूंचा नातू आज फरशीवरून गेला. वळसा घ्यायचा कंटाळा. अकरा वर्षांचा. मधोमध घसरला. दप्तर सुटलं. ह्यांनी पाण्यात उडी टाकली. कॉलर हातात आली.

दप्तर पुढं बाभळीला अडकलं. पुस्तकं आमच्या अंगणात वाळत घातलीत, इस्त्रीनं पानं सुटी करतेय. पानांना पानं चिकटून गेलीत. काकू काही न बोलता ओसरीवर बसून आहेत.

ह्यांच्या गुडघ्याला लागलंय. मी हळद लावली. दोघंही गप्प.

२६ ऑगस्ट, पोळा

खांबावरची तांबडी खूण ह्यांनी नऊवरून सातवर आणली.

२९ ऑगस्ट

मंडळाची पोरं आली. यंदा देखावा नको, त्या पैशात सिमेंटचे पाईप टाकू. माझ्याकडे खजिनदारकी.

पोरांचं मन मोठं. डोळे भरून आले. पण इंजिनीअरला विचारलं. जुना ओळखीचा, निवृत्त. तो येऊन पाहून गेला. म्हणाला, पाईप अरुंद पडतील. पाला-प्लॅस्टिक अडकलं की पाणी मागं फुगेल, खालच्या आळीतल्या सोळा घरांत शिरेल.

पोरांना सांगितलं. ती हिरमुसली.

आणखी एक मनात होतं, तेही सांगितलं. ही मोरी आपण घरपट्टीत एकदा भरली आहे. वर्गणीनं पुन्हा भरायची नाही. वर्गणीनं दोर घेऊ.

दोर घेतला. शंभर फूट, नायलॉनचा. दोन्हीकडच्या खांबांना बांधला. पावती क्रमांक एक.

३० ऑगस्ट, हरतालिका

मेट्रो तीनची चाचणी झाली. आरेतल्या सारीपूत नगरला. आठ डब्यांची गाडी, आंध्रात बांधलेली. लेकीनं फोटो पाठवला. खाली लिहिलंय, 'सुंदर आहे. मला बसायचंय. मला वाईटही वाटतंय.'

कारशेड आरेतच होणार. ज्यांनी विरोध केला ते हरले, ज्यांनी आणली ते जिंकले असं चाललंय. ती म्हणाली, या तीन वर्षांत मी रोज लोकलच्या दारात उभी होते, ते कोणाच्या खात्यात?

३१ ऑगस्ट

गणपती आले. फरशीवर ५ इंच. ह्यांनी पाटावर मूर्ती डोक्यावर घेतली, गुडघा दुखत असताना. एका हातानं दोर धरला. मी मागून निरांजन. पाण्यावर उजेड हलत होता.

४ सप्टेंबर

गौरी जेवल्या. पलीकडच्या वस्तीतल्या आजी यंदा आल्या. दोराला धरून.

६ सप्टेंबर

दोराजवळ सकाळी फलक. एका बाजूच्यांचा. 'यांच्या प्रयत्नातून सुरक्षा दोर.' दुपारी त्याच्या शेजारी दुसऱ्या बाजूच्यांचा.

मंडळाच्या पोरांनी रात्री दोन्ही उतरवले. घडी घालून ज्याच्या त्याच्या दारात नेऊन ठेवले. पोरांना मी सांगितलं नव्हतं.

९ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

८ इंच. विसर्जन फरशीच्या वरच्या डोहात. लवकर उरकलं.

१२ सप्टेंबर

वही काढून बसले. २९ जूनपासूनचे आकडे एका तक्त्यात मांडले. तारीख, सकाळी साडेसातची पातळी, शाळेतली गैरहजेरी. बाईंनी हजेरीपट दिला, मुख्याध्यापकांची सही घेतली. नऊच्या वर गेलेले दिवस अकरा. त्या अकरा दिवसांत बुडालेले पोरांचे दिवस ३५२.

बेरीज तीनदा केली. तेवढीच आली.

१४ सप्टेंबर

लोक कोर्टात जायची भाषा करतायत. ज्यांचं काम थांबलंय त्यांनी जावं. मी आधी अर्ज करणार.

कोणाच्या लेटरहेडवर द्यायचा, हे म्हणाले. आमदारांच्या पत्राशिवाय फाईल हलत नाही, हे ह्यांनाही माहीत झालंय आता.

साध्या कागदावर देणार. गल्लीतल्या आणि वस्तीतल्या सह्या घेऊन.

१७ सप्टेंबर

सह्या १३८. दोन्ही माजी नगरसेवकांकडेही गेले. नागरिक म्हणून सही करा म्हटलं, घरपट्टी क्रमांकासह. सकाळच्यांनी केली, थोडा वेळ पेन हातात फिरवून. संध्याकाळच्यांनी कागद दोनदा वाचला. वर पक्षाचं नाव नाही ना, विचारलं. नाही म्हटल्यावर केली.

एकाखाली एक आल्यात. मी मुद्दाम जागा तशी ठेवली होती.

२० सप्टेंबर

ह्यांनी विचारलं, "याने होईल?"

माहीत नाही. पण उद्या परत सरकार बदललं तर हा कागद कोणाचा म्हणून थांबवणार?

२४ सप्टेंबर

पालकमंत्री जाहीर झाले. सरकार येऊन बारा आठवडे झाल्यावर. एकेकाकडे दोन-तीन जिल्हे, उपमुख्यमंत्र्यांकडे सहा.

लेकीचा फोन. मी तक्ता वाचून दाखवला. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. म्हणाली, "आई, मरोळच्या रस्त्याचाही असा ठेवायला हवा होता."

"आजपासून ठेव."

२६ सप्टेंबर, घटस्थापना

घट बसवून थेट नगरपालिकेत. विषय लिहिला, 'ओढ्यावरील मोरी, मार्चमधील मंजुरी, स्थगिती उठवणेबाबत.' सोबत तक्ता, सह्या, हजेरीपटाची नक्कल. कराच्या फरकाचं वेगळं टिपण. एक प्रत मुख्याधिकाऱ्यांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक नगरविकासला.

माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा आवक टेबलाशी उभा होता. त्यानं तक्ता उचलला, आकड्यांवरून बोट खाली नेलं. २५ ऑगस्टवर थांबला. त्याचा मुलगाही त्याच शाळेत आहे, हे मला माहीत नव्हतं.

शिक्का मारला. आवक क्रमांक लिहिला. पोच दिली.

फरशीवर ४ इंच.